सहा व्होल्टची आगगाडी

शनिवार पेठेत एक दुरुस्तीवाले आहेत. मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही, त्यांनीही माझं नाही. मिक्सर असो की पंखा, ते आधी वस्तूकडे बघतात, मग आपल्याकडे, आणि दोष आपल्यातच असल्यासारखी मान हलवतात.

मी त्यांच्याकडे माझी लहानपणची रुळांवरची आगगाडी नेली. मोटर सहा व्होल्टची आणि घरात सापडलेला अ‍ॅडॉप्टर बारा व्होल्टचा. त्यांनी वायरीच्या मध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब जोडला. गाडी धावू लागली, बल्ब मिणमिणत राहिला. मग त्यांनी इंजिन बोटाने दाबून धरलं.

"अहो, मोटर जळेल!" मी ओरडलो.

बल्ब लख्ख पेटला. "जास्तीचं तो खातो. मोटर सुखरूप."

"पण गाडी थांबल्यावरच तो का पेटतो?"

"तुम्हाला कळावं म्हणून नाही लावलेला. दोन दिवसांनी या, टेस्टिंग करायचंय."

दोन दिवसांनी गेलो, तर गाडी काउंटरवर फिरतच होती. चौथ्या दिवशीही. एक बाई मिक्सर घेऊन ताटकळत उभ्या होत्या. आठव्या दिवशी दुरुस्तीवाल्यांनी गाडी खोक्यात भरून दिली आणि रिकाम्या काउंटरवर उगाच फडकं फिरवत राहिले.

घरी गाडी उत्तम चालली. तरी परवा मी ती परत नेली. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

"बिघडली," मी म्हटलं.

त्यांनी इंजिन उघडलंसुद्धा नाही. रूळ मांडले, बल्ब जोडला, गाडी सोडली. आम्ही दोघं बघत राहिलो.

"मोठा बिघाड आहे," ते म्हणाले. "महिना लागेल."