नवापूरचा लाल्या आणि माझे तीन दिवसांचे उपकार

नवापूरच्या किनाऱ्यावर, बोंबलांच्या तुटलेल्या दोरीपाशी उभं राहून, कुत्र्याकडे बोट करत हिरामावशींनी मला विचारलं, "याला शिकवलं कोनी?" त्या क्षणी माझी सहल संपली आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. तुमच्यापैकी कुणी हिवाळ्यात तिकडे जाणार असेल, आणि रोडकं कुत्रं दिसलं की ज्यांचा हात आपोआप पिशवीत जातो अशांपैकी असेल, तर निघण्याआधी एवढं वाचा.

मी गेलो त्याचं कारण समुद्र नव्हता. कारण कुसुम. कॉलेजात ती माझ्या वर्गात होती. तिचे वडील तारापूरच्या वीज प्रकल्पावर ओव्हरसिअर म्हणून लागले, दिवाळीत बिऱ्हाड बोईसरला हललं, आणि जानेवारीत एका प्राध्यापकाशी भांडणाचं निमित्त करून मी कॉलेज सोडलं. निमित्तच ते. तिला चार पत्रं लिहिली, तेव्हा एक उत्तर आलं: समुद्र बघायला ये, मला बघायला येऊ नकोस; नवापूरला आमच्या मासळीवाल्या मावशींच्या पडवीत राहायची सोय होईल. मी त्यातलं 'ये' तेवढं वाचलं.

बुधवारी मुंबई सेंट्रलहून सकाळची पॅसेंजर धरली. वैतरणेचा पूल ओलांडला की हवा बदलते. खाजण, मिठागरं, मग ताडांच्या रांगा. पालघरला गाडी बराच वेळ थांबते. तिथे दोन आण्यांत चहा मिळतो आणि तो चांगला असतो. बोईसरला उतरलात की स्टेशनाबाहेर टांगे असतात, पण एकट्याने करू नका. सवारी भरेपर्यंत थांबलं तर स्वस्तात पडतं. रस्त्यावर सिमेंटचे ट्रक सारखे धावतात, तेव्हा नाकाला रुमाल हवा. अर्धा टांगा हिंदी बोलत होता, कामावर नव्याने आलेली माणसं. एकाने मला विचारलं की मी कुठल्या खात्यात लागलो. मी म्हणालो, कुठल्याच नाही. त्यावर त्याने मला बसायला जास्त जागा दिली.

त्या मासळीवाल्या मावशी म्हणजेच हिरामावशी. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, कुसुमताईंनी सांगितलं तेवढा वेडा काय वाटत नाय. मला ते फार गोड लागलं, कालवणापेक्षा.

नवापूरला जाऊन बघायचं असेल तर वलांड्या बघा. बांबू रोवून आडव्या दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यावर बोंबील. बायका दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. हात इतका भरभर चालतो की कुठला जबडा कशात गेला ते दिसतच नाही. मी प्रयत्न केला, चार जोड्या पडल्या, सगळ्या हसल्या. पण मला नवल वाटलं ते कुत्र्यांचं. खालची दोरी माणसाच्या कमरेइतकीच. हजारो मासे वाऱ्यावर हलताहेत आणि खाली कुत्री निजलेली. एकही मान वर करत नाही. कावळा उतरला की मात्र उठून भुंकतात, आणि पुन्हा निजतात.

हे असं का, एवढा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. मी उत्तर आधीच ठरवून टाकलं: बिचारी मार खाऊन दबलीत. त्यातला एक तांबूस, बरगड्या मोजता येतील असा. त्याला लाल्या म्हणत.

गुरुवारी मी त्याला ग्लुकोजची बिस्किटं घातली. शुक्रवारी हिरामावशींकडून रीतसर विकत घेऊन सुके बोंबील घातले, तिथेच, दुपारी बायका घरी गेल्यावर, वलांडीखाली, दोरीवरून एकेक काढून. शनिवारीही. त्याने पहिल्यांदा तर तोंडच फिरवलं. मीच त्याच्या दातांशी नेऊन धरला. रविवारी कुसुम येणार होती आणि तिने माझ्यामागे चालणारं कुत्रं पाहावं, अशी माझी फार इच्छा होती.

रविवारी सकाळी लाल्याने सबंध दोरी ओढून पाडली. एका अख्ख्या दिवसाचा माल वाळूत. दुसरी दोन कुत्री त्याच्याशेजारी उभी राहून बघत होती.

हिरामावशींचा प्रश्न ऐकून मी लगेच म्हणालो, मी खायला घातलं, भुकेलं होतं, त्यात काय बिघडलं. त्यांचा मुलगा गणपत होडीवरून धावत आला. तो म्हणाला की आता याला गोणीत घालून खाडीपार सोडायचा. मी विचारलं, तिकडे काय? तो म्हणाला, तिकडची कुत्री हायत ना. परक्याला ती फाडतात, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. मग मी जे काय बोललो ते लिहीत नाही. निर्दय हा त्यातला सगळ्यांत सभ्य शब्द. गणपतने वल्हं खाली ठेवलं आणि माझ्याकडे निघाला, पण मावशी मध्ये उभ्या राहिल्या.

"भाकर आमची खातोस आन् शिव्या पन आमालाच?" त्या म्हणाल्या. "पिल्लू असल्यापून एक नेम हाय. होडी लागली, मासळी निवडली, की डोकी-शेपट्या पान्याच्या बाजूला टाकायच्या. थितं पोटभर. वलांडीखाली कोन तुकडा टाकनार नाय, माजा नातूबी नाय. मारून नाय शिकवलं. एक शिकला की धा शिकतात, म्हनून याला न्यायचा."

आणि त्याचं रोडकेपण? ते मी नंतर विचारलं. खरूज होऊन गेली होती. मावशी त्याला करंजेल चोळत होत्या, अंग भरत होतं.

हे सगळं कुसुमने ऐकलं. ती केव्हा येऊन उभी राहिली मला कळलंच नाही. आम्ही सुरूच्या झाडांपर्यंत चालत गेलो. मी म्हणालो, मी याला मुंबईला नेतो. तिने विचारलं, चाळीत कुठे बांधणार?

"तू त्याला विचारलंस का, त्याला काय हवंय?" ती म्हणाली. "कॉलेज माझ्यासाठी सोडलंस म्हणून पत्रात लिहितोस. मी सांगितलं होतं? तुला कोणाचं भलं करायचं नसतं रे, तुला ते करताना दिसायचं असतं."

मी तिच्यावर चिडलो नाही. चिडायला जमलंच नाही.

सोमवारी सकाळी गणपतचे पाय धरल्यासारखं करून एक दिवस मागून घेतला आणि लाल्याला दोरीने बांधून पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. टांगेवाल्याने दोन सवाऱ्यांचे पैसे घेतले. पॅसेंजरच्या गार्डाने शेरे मारले, त्यांचे मात्र निराळे पैसे पडले नाहीत. डॉक्टर एका बैलाच्या खुरात गुंतले होते. म्हणाले, "कुत्र्याला काय होतंय?" मी म्हणालो, काही नाही, चोरून खायला लागलाय. "मग आजारी तुम्ही दिसता." बैलाचा मालक मोठ्याने हसला.

पण हात धुऊन डॉक्टर माझ्याशी नीट बोलले. त्यांनी सांगितलेलं तुमच्यासाठी लिहितो, कारण फिरायला गेल्यावर आपल्याला हे कोणी सांगत नाही. गावातलं कुत्रं भटकं दिसलं तरी बहुतेक ते कोणाच्या तरी भरवशावर असतं. आधी तो माणूस शोधा, आणि द्यायचं ते त्याच्या हाती द्या. जिथे लोकांचं काम चालतं, माल पसरलेला असतो, तिथे घास टाकू नका. जखमी असेल तर उचलण्याआधी तोंडाला फडकं बांधा, नाहीतर तुमच्याच पोटात चौदा इंजेक्शनं बसतील. पिल्लू आईपासून उचलून नेऊ नका. "आणि तुम्ही किती दिवस आहात, ते आधी मोजा," ते म्हणाले. "तीन दिवसांत लावलेली सवय तीन आठवड्यांत सुटली तरी नशीब."

सवय मोडायची कशी, तेही सांगितलं. होडी लागेल तेव्हाच, होडीपाशीच खाणं. बाकी वेळ बांधून. रोज दोनदा दोरीने धरून वलांडीखालून न्यायचं, हातात काही नाही, थांबायचं नाही.

संध्याकाळी मावशींना हे सांगितलं. त्या जाळ्याची गाठ सोडवत होत्या. मग म्हणाल्या, "अवसेपरत देते. तवर शिकला तर ऱ्हाईल, नायतर गनपत नेईल. पन मी नाय करनार. त्याला तुजा हात लागलाय, तुजाच हात सोडवील."

दोन दिवस केलं. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, तशी होडीचीही, म्हणून घड्याळ कामाचं नाही. वाळूत बसून पाण्याकडे बघावं लागतं. पहिल्या दिवशी लाल्याने दोरीकडे अकरा वेळा झेप घेतली. दुसऱ्या दिवशी सात. चार दिवसांच्या कपड्यांत आणि संपलेल्या पैशांत अमावास्या गाठता येणार नव्हती, म्हणून एका दिवसापुरतं बांधून ठेवायला गणपतला विनवलं आणि गुरुवारी गिरगावात आलो. (येताना तिकडचा तांदूळ पिशवीत घालू नका, जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी आहे आणि स्टेशनवर झडती होते.)

हे घरी बसूनच लिहायला घेतलं. या आठ दिवसांतून माझ्याजवळ काय राहिलं, ते शोधत होतो. कुसुमने पुन्हा ये म्हटलेलं नाही. मी तिच्याकडे जाणारही नाही. बोईसरला उतरेन आणि सरळ टांग्यात बसेन. कुत्र्याबद्दलची माझी माया खोटी नव्हती, एवढं मात्र मला अजून वाटतं. फक्त त्या मायेला पुढचा दिवस ठाऊक नव्हता.

मध्येच बाबा कचेरीतून आले (इथून पुढचं गाडीत लिहिलंय). प्राचार्यांना भेटून आले होते. सोमवारी हजर झालो तर घेतील, नाहीतर वर्ष गेलं. मी म्हणालो, अमावास्येनंतर मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागेन, वर्ष गेलं तर पुढच्या जूनपासून बसेन, पण सोमवारी जमणार नाही. कारण सांगितलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कुत्र्यासाठी?" बाबा म्हणाले. "कोणाच्या?"

"गावाच्या. मी बिघडवलेल्या."

बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आईने पिशवीत दोन जुने सदरे आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घातली. रात्र तिकडे काढायची तर संध्याकाळची गाडी गाठायला हवी होती. मी पिशवी खांद्याला लावली, येतो म्हणालो, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.