खेळाच्या पुढे धावणारा आवाज

ऑर्व्हल हार्म्स आठवडाभर मक्याचं बियाणं विकायचे आणि शनिवारी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यांचं धावतं वर्णन गावच्या रेडिओवर करायचे. दोन्ही कामांत आशाच विकायची. बियाणं निदान उगवतं, एवढाच फरक.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या गावात लोक मैदानात बसूनही कानाशी रेडिओ लावतात. समोर दिसलेली गोष्ट ऑर्व्हलनी सांगितल्याशिवाय घडली, असं कुणी धरत नाही. आवाज गावातल्या केंद्रावरून फिरून येतो, म्हणून जरा मागून पोहोचतो. आधी खेळाडू पडतो, मग ‘पडला’ ऐकू येतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

त्या साली संघ पहिल्या सामन्यापासून हरत होता. त्याचं नवल कुणालाच नव्हतं. पाद्रीबाबांनीही देवाकडे विजय मागणं सोडून ‘पोरं सुखरूप राहोत’ एवढ्यावर भागवलं होतं. नवल निराळंच होतं, आणि ते आधी लव्हॉनच्या ध्यानात आलं. लव्हॉन ही ऑर्व्हलच्या दिवंगत बायकोची बहीण. मैदानावरच्या काचेच्या खोलीत त्यांच्या शेजारी बसून ती यंत्र सांभाळायची.

“तू आत्ता ‘चेंडू निसटला’ म्हणालास,” ती म्हणाली.

“निसटलाच की.”

“हो, पण तू म्हणालास तेव्हा हातात होता.”

“चष्मा बदल.”

“परवाच बदललाय. तोंड बदलून मिळत असतं तर तुझंही आणलं असतं.”

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी बायका ‘पडला’ ऐकून डोळे मिटून घेऊ लागल्या आणि मग पोरगा पडू लागला. विचारलं मात्र कुणी नाही. शेजाऱ्याच्या घरी काही विपरीत घडलं तर कॉफी पुढे करायची आणि हवेबद्दल बोलायचं, ही तिथली रीत. ऑर्व्हलना त्या मोसमात फार कॉफी मिळाली.

त्यांना पुढचं दिसत मात्र काहीच नव्हतं. वाक्य खोकल्यासारखं घशात यायचं आणि बाहेर पडायचं.

संघाचा क्वार्टरबॅक होता डस्टिन कोपेकी. प्रत्येक डाव त्याच्या आरोळीवर सुरू होई आणि चेंडू आधी त्याच्या हातात येई. तो ऑर्व्हलच्याच घरी, वरच्या खोलीत राहायचा. बायको गेल्यावर घरात पावलं वाजावीत म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं. शेतावर वाढलेला, शिस्तीचा पोरगा. वाढलेलं सगळं खायचा आणि ताट विसळून ठेवायचा.

शेवटचा सामना नोव्हेंबरातला. मका कापून गेला होता, चहूकडे नुसते खुंट. संघ नेहमीप्रमाणे हरत होता आणि शेवटचा डाव उरला होता. ऑर्व्हलच्या घशात वाक्य आलं: कोपेकी पडला. कोपेकी उठत नाही.

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“बोल ना,” लव्हॉन कुजबुजली. “माइक चालू आहे.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. वाक्य दातांमागे येऊन उभं राहिलं होतं, अगदी सवयीचं.

खाली दोन्ही संघ समोरासमोर वाकून थांबले होते. डस्टिन हात पुढे करून उभा होता, पण आरोळी देत नव्हता. पंचाची शिट्टी तोंडात होती. ती वाजत नव्हती. प्रतिस्पर्धीही वाकलेलेच. मग अख्खं पटांगण, कानाला रेडिओ लावून, मागे वळून वर काचेकडे बघू लागलं. घड्याळ तेवढं चाललं होतं. ते संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. लोकांनी घोंगड्यांच्या घड्या घातल्या आणि ते घरी गेले.

संध्याकाळी जेवताना डस्टिननं विचारलं, “मिस्टर हार्म्स, शेवटी मी काय करायचं होतं?”

“म्हणजे?”

“तुम्ही सांगितलंच नाहीत.”

“मी कुठे सांगतो, बाळा? घडतं ते बोलतो फक्त.”

“हेल्मेटमध्ये तुमचा आवाज यायचा. ‘पडला’ म्हणालात की मी पडायचो.” त्यानं बटाटे वाढून घेतले. “मला वाटलं, मोठी माणसं काहीतरी ठरवूनच सांगत असतील. उलट कशाला बोलायचं?”

“आणि जिंकायचं?”

“ते तुम्ही कधी म्हणालाच नाहीत,” डस्टिन म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

त्यानं ताट विसळलं आणि तो जिन्याशी गेला. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तसाच थांबला. वळून बघितलंही नाही. ऑर्व्हल उठून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पोरगा श्वास घेत होता, एवढंच.

घशात दुपारचं वाक्य अजून तसंच होतं. ऑर्व्हलनी ते गिळलं, पुन्हा वर आलं, पुन्हा गिळलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी, न घडलेलं, स्वतः निवडून, एकेक शब्द तपासत म्हटलं, “कोपेकी जिना चढतो. सावकाश. वर पोहोचतो. झोपतो. सकाळी उठतो.”

डस्टिननं दुसरा पाय उचलला.