हद्दीवरचे कागद

“मेंढरं हाकायची सवय आहे हिला. आता आपल्याला हाकणार.”

मॅडम असं बोलल्या आणि हॉलमधली आठही माणसं हसली. आमच्या ऑफिसचे सरही हसले. विजापूर रोडवरचा तो मॅडमचा बंगला. सोफे होते, खुर्च्या होत्या, झोपाळा होता. मी उभी होते. बस असं कुणी म्हटलं नव्हतं. हातात आठ फायली. प्रत्येक फाईलवर माझ्या अक्षरात एकेकाचं नाव.

मी सोलापुरात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात चार वर्षं कामाला होते. या आठजणांची सहल ठरली होती. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया. एकदा बँकॉकला उतरलं की पुढं विमान नाही, सगळ्या हद्दी रस्त्यानं ओलांडायच्या. असली सहल आमच्या ऑफिसनं कधी काढली नव्हती. सर म्हणाले होते, तयारी तू कर, सोबतही तूच जा. त्यासाठी मी पासपोर्ट काढला. आमच्या घराण्यातला पहिला.

तीन महिने दुसरं काही केलं नाही. हद्दीवरच्या कुठल्या नाक्यावर जागेवर व्हिसा मिळतो, कुठल्या नाक्यासाठी आधीच काढावा लागतो. कुठला नाका किती वाजता बंद होतो. फोटो कुठल्या मापाचे. पासपोर्टात कोरी पानं किती. एका देशातून निघाल्याचा शिक्का घेतल्याशिवाय पुढच्या देशाच्या खिडकीकडं जायचं नाही, हे आठही जणांना मीच समजावणार होते. मॅडमच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. कुणाच्या लक्षात नव्हतं, मी पकडलं. त्यांच्या यजमानांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून आणली, तीही मीच.

आणि त्या दिवशी ओळख करून देताना सर गंमत म्हणून सांगून गेले. हिचे वडील धनगर, मेंढरं घेऊन पार कर्नाटकात जातात. त्यावर मॅडम ते बोलल्या.

मग त्या सरांकडं वळल्या. मी तिथं नसल्यासारखं म्हणाल्या, “चांगल्या घरातलं कुणी द्या हो सोबत. हिला शेजारी घेऊन जेवायचं का आम्ही?”

सरांनी विचारसुद्धा केला नाही. माझा पुतण्या जाईल म्हणाले. फायली दे गं त्याच्याकडं.

पुतण्या सोफ्यावरच होता. त्यानं नकाशा बघितला आणि म्हणाला, व्हिएतनामात वरच्या नाक्यानं कशाला शिरायचं, खालच्या नाक्यानं जाऊ, तिकडं हॉटेल चांगलं आहे.

मी म्हटलं, “सर, व्हिसावर वरच्या नाक्याचं नाव आहे. दुसरीकडनं आत घेत नाहीत.”

“तुला विचारलं का कुणी?” मॅडम म्हणाल्या.

 मला माझे वडील, आबा, डोळ्यांसमोर दिसले.

मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, कोरडं. चाऱ्यासाठी कळप घेऊन हद्दीपलीकडं जायचो. तिकडच्या एका गावात एकानं अडवलं. आबांनी आमच्या सरपंचाची चिठ्ठी काढून दाखवली. त्यानं ती वाचली नाही. चिखलात टाकली. मग आबांना कान धरायला लावले, माझ्यासमोर. आबांनी धरले. नंतर चिठ्ठी उचलून धोतराला पुसली. रस्त्यानं चालताना म्हणाले, “कागद बी त्येंचा, हद्द बी त्येंची. आपून हात जोडायचं, पोरी.”

मला त्या माणसापेक्षा आबांचा राग आला होता. कैक वर्षं आला. आणि आता सोलापुरातल्या हॉलमध्ये मी तशीच उभी. शिकलेली. इस्त्रीचा ड्रेस घातलेली. हातात फायली होत्या म्हणून हात जोडले नव्हते, एवढाच फरक.

मी व्हिएतनामच्या कागदांवर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं, हा व्हिसा फक्त वरच्या नाक्यावर चालेल. आठही फायलींत. सगळे बघत होते. मग फायली टीपॉयवर ठेवल्या आणि सरांना सांगितलं, आजपासून मी येणार नाही.

सर दारापर्यंत मागं आले. हळू आवाजात म्हणाले, “फोनवर तरी राहा. त्याला काय कळतंय त्यातलं?”

“न्हाय,” मी म्हटलं.

ऑफिसात चार वर्षं जपून, शुद्ध ‘नाही’ म्हणत होते. त्या दिवशी ‘न्हाय’च आलं तोंडात. येऊ दिलं.

सहल निघाली. दहाव्या दिवशी दुपारी सरांचा फोन. मी गावी होते, आबांबरोबर कळपामागं. पुतण्यानं सगळ्यांना खालच्या नाक्यावर नेलं होतं. लाओसमधून निघाल्याचे शिक्के पडले होते आणि व्हिएतनामवाले आत घेत नव्हते. माणसं दोन देशांच्या मधल्या रस्त्यावर उभी. मॅडमच्या यजमानांना चक्कर येत होती. सर म्हणाले, काय करायचं ते सांग, उपकार होतील.

मी म्हटलं, मॅडमना जोडून द्या.

त्या फोनवर आल्या. आवाज बसला होता. “अगं, आता काय करायचं?”

“अगं नको. अहो म्हणा.”



“अहो,” त्या म्हणाल्या, “काय करायचं आता?”

मग मी सांगितलं. यजमानांना सावलीत बसवा, पाणी द्या. लाओसच्या खिडकीवर परत जा. पुढच्या देशानं घेतलं नाही म्हणून सांगा आणि निघाल्याचा शिक्का रद्द करून मागा. आवाज चढवू नका, नम्रपणे मागा. मग गाडी करून वरच्या नाक्यावर जा. संध्याकाळच्या आत पोचाल. सगळे पोचले.

आजारी माणूस उन्हात होता आणि मी एका शब्दासाठी अडवून धरलं. मैत्रीण म्हणाली, हे काही बरं केलं नाहीस. नसेल. पण तो शब्द मी मागितला नसता तर मला कुणीच दिला नसता. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आबांनी शेजारून सगळं ऐकलं होतं. म्हणाले, “लई मोट्या मान्साशी बोललीस की.”

“मोटं न्हाय, आबा. अडलेलं माणूस हुतं.”

सरांनी परत बोलावलं. पुढच्या सहलीला तुलाच पाठवतो म्हणाले. गेले नाही.

आता सोलापूरजवळ मंद्रूपला बाजाराच्या रस्त्यावर माझं टेबल आहे. पासपोर्टचे फॉर्म भरते, व्हिसा काढते, कुठल्या हद्दीवर काय लागतं ते सांगते. बाहेर पाटी आहे. पाटीवर माझं नाव, पूर्ण, आडनावासकट.

परवा सोलापूरच्या एका कारखानदाराचा ड्रायव्हर आला. साहेबांना भूतानला गाडीनं जायचंय, कागद समजावायला बंगल्यावर बोलावलंय म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि निरोप दिला. ज्याला हद्द ओलांडायचीय त्यानं स्वतः यावं, पाटी वाचावी, आणि माझं नाव घेऊन विचारावं.

बंगल्यावर मी जाणार न्हाय. कुणाच्याच.