सोजरवन्संच्या कोकिळा

दवाखान्यातून गाडी घरी पोचायच्या आधीच गावाच्या ग्रुपवर वन्संचा फोटो येऊन पडला होता. आधार कार्डावरचा फोटो, कुणी कुठून मिळवला देव जाणे, मोठा करून भोवती गुलाबाची चौकट काढलेली आणि खाली ओळ, 'भूमची कलाकन्या हरपली'. सत्तरीच्या बाईला कन्या! त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ज्या बायकांनी आयुष्यभर तिला 'आत या, बसा' म्हटलं नाही, त्यांनी 'न भरून येणारी पोकळी' असं लिहिलं होतं. मी मयताशेजारी बसून ते वाचत होते, आणि खरं सांगते, रडू यायच्या ऐवजी मला हसू आलं. वन्संनाही आलं असतं. फक्त त्या एक शिवी हासडून हसल्या असत्या.

सोजरबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या शेजारच्या वाशीला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला म्हणाला, राहायचं तर तिच्या हाताखाली राहा. वन्संनी पत्र्याची पेटी उचलली आणि एस.टी.नं माहेरी आल्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या मागच्या खोलीत राहत होत्या आणि अखेरपर्यंत तिथंच राहिल्या. माणूस गेलं की त्याला देव करायची आपल्याकडं पद्धत आहे. मी करणार नाही. वन्सं देवमाणूस वगैरे काही नव्हत्या. तिखट होत्या, कुचकट होत्या. माझ्या हातची भाकरी उचलून धरायच्या आणि म्हणायच्या, "शैला, ही भाकरी हाय का वाशी तालुक्याचा नकाशा?" मीही काही कमी नव्हते. आमची भांडणं शेजारपाजारच्यांना पाठ होती. पण या बाईइतकं सरळ बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, आणि तिच्याइतकं चांगलं भरतकाम करणारंही.

मागच्या खोलीचं दार परसात उघडतं. परसात एक लिंब, पपई, जास्वंद, आणि भांडी घासायच्या मोरीचं पाणी जिथं जातं तिथं वाढलेली कर्दळ. आमचा भाग कोरडा, त्यामुळं त्या मोरीच्या पाण्यावर गावातली निम्मी पाखरं यायची. साळुंक्या, बुलबुल, होले, जास्वंदीला उलटा लटकणारा शिंजीर, आणि सातभाईंचा तो कलकलाट. वन्सं दारात पाय पसरून बसायच्या, मांडीवर मॅटीचं कापड, तोंडात दोरा. शाळेत शिवणाच्या तासाला शिकलेला फुलीचा टाका, तेवढंच भांडवल. आधी कुणीतरी नमुन्याचं पुस्तक दिलं होतं, त्यातला बर्फातल्या फांदीवर बसलेला लाल छातीचा कुठलासा परदेशी पक्षी त्यांनी भरला. पुरा झाल्यावर बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ह्याला आपल्या उन्हात एक दिस निघाला नसता." पुस्तक चुलीत गेलं. त्यानंतर पोरांच्या आलेखाच्या वहीतले कागद फाडून त्या स्वतः चौकोन रंगवायला लागल्या. एक चौकोन म्हणजे एक फुली. भांडणारी साळुंकी, उकाड्यानं चोच वासून बसलेला होला. गोड गोड राघू-मैना कधी भरली नाही. "राघू पेरूची नासाडी करतंय, त्याला कशाला भिंतीवर बसवायचं?" असं त्यांचं म्हणणं.

आता मुद्द्याचं. वन्सं गेल्या तेव्हा भूमपासून तेरखेड्यापर्यंत कितीतरी घरांच्या भिंतींवर त्यांची पाखरं होती, आणि त्यातल्या एकावरही वन्संचं नाव नव्हतं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात दुसऱ्याच बाईचं नाव होतं. हा लेख मी त्याचसाठी लिहिते आहे, बाकी आठवणी काय, घरातल्या घरात काढता आल्या असत्या.

कारण आहे रुखवत. लग्नाच्या मांडवात टेबलं लावायची, त्यावर नवरीच्या हातची कलाकुसर मांडायची आणि पुढं चिठ्ठी, 'नवरीने स्वहस्ते केलेले'. आता नवरीचे हात मोबाईलवर. मग पोरीचं लग्न ठरलं की तिची आई संध्याकाळी आमच्या घरी. "सोजरबाई, तेवढं एक पाखरू द्या की… आन् खाली कोपऱ्यात आमच्या पोरीचं नाव घाला, म्हणजे खरं वाटंल." खरं वाटंल! वन्सं द्यायच्या. महिना-महिना डोळे फोडून केलेलं काम त्या कागदात गुंडाळून द्यायच्या. बदल्यात खण-नारळ यायचा, तोही त्यांच्या हातात नाही, माझ्या हातात. टाकलेल्या बाईची ओटी कशी भरायची, असा या शहाण्यांना प्रश्न. त्या समोर बसलेल्या असायच्या आणि बाई माझी ओटी भरून जायची. लग्नाची पत्रिका 'सहकुटुंब सहपरिवार' यायची आणि मागाहून हळूच निरोप, हळदीला तेवढं तुम्हीच या हं शैलाताई. पाखरू मांडवात चालतं, पाखरू भरणारी चालत नाही. थू तुमच्या रीतीवर.

मी चिडायचे. "वन्सं, नाही म्हणा एकदा तरी." त्या म्हणायच्या, "पाखरू कुणाच्या भिंतीवर बसलंय ते पाखराला काय करायचंय?" मला वाटायचं, हिला खरंच काही वाटत नाही. तसं नव्हतं ते.

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष निर्मलाबाई. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, ते इथं छापून त्यांना मोठं करायची माझी इच्छा नाही. त्यांच्या मनीषाचं लग्न ठरलं. वन्संनी तिच्यासाठी जास्वंदीवर शिंजिराची जोडी भरायला घेतली होती. इतकं सुरेख काम मी त्यांच्या हातूनही कधी पाहिलं नव्हतं. नराच्या गळ्यावरची जांभळी झाक आणायला त्यांनी निळा आणि किरमिजी दोरा एकाच सुईत ओवला होता. निर्मलाबाई मनीषाला घेऊन बघायला आल्या. वन्संनी कापड मांडीवरून उचललं नाही. खाली मान घालून म्हणाल्या, "मनीषाचं नाव घालतेच. पर ह्या पानाच्या आडोशाला… एक 'सो' घालू का? बारीक. कुणाला दिसायचं बी न्हाय."

उभ्या आयुष्यात या बाईनं मागितलेली ती एवढीच गोष्ट. निर्मलाबाई हसल्या, लहान पोराला समजावताना हसतात तशा. "अहो सोजरबाई, शुभकार्य आहे ना… नवरीच्या रुखवतात तुमचं अक्षर? लोक काय म्हणतील? उगीच अपशकुन कशाला." मनीषा आईच्या मागं उभी होती. ती काही बोलली नाही. मी मात्र बोलले, काय बोलले ते पेपरात छापण्यासारखं नाही. वन्संनी मला हातानं गप्प केलं आणि निर्मलाबाईंना म्हणाल्या, "बराबर हाय. मग हे ऱ्हाऊ द्या. मनीषाला मी दुसरं देते. लई झकास देते."

शिंजिराची जोडी त्यांनी त्याच दुपारी उसवली. सगळी. मी दारात उभी राहून बघत होते आणि त्या शांतपणे एकेक फुली उचकत होत्या. मग नव्या कागदावर नवं पाखरू रंगवलं. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, लाल डोळा, लिंबाच्या फांदीवर ऐटीत बसलेली. कोकिळा! निर्मलाबाई हरखून गेल्या. आमची मनीषा गातेच तशी, म्हणाल्या. तेरखेड्याला मुलाच्या दारात लग्न झालं. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव, बार असे उडाले की म्हणे रुखवताचं टेबल हादरत होतं, आणि टेबलाच्या मधोमध ती कोकिळा. झालं, अध्यक्षबाईंनी केलं म्हटल्यावर सगळ्यांना कोकिळाच पाहिजे. ज्यांच्याकडं आधीचे बुलबुल आणि होले होते त्यासुद्धा धाकट्या पोरीसाठी कोकिळा मागायला लागल्या. वन्सं देत राहिल्या. त्यानंतर त्यांनी दुसरं पाखरू कुणालाच दिलं नाही.

एकदा मी विचारलं, "वन्सं, सगळ्यांना कोकिळाच का हो?"

त्यांनी दोरा दातानं तोडला. "ओरडतो तो नर. काळा असतो. ही ठिपक्यांची मादी, हिला गळाबिळा काय न्हाय. ही काय करती ठाव हाय का? आयत्या घरट्यात अंडं घालती, कावळीण उबवती, आन् ही मिरवती. ज्याचं त्याला दिलं, शैला. कुणाचं काय ठेवलं न्हाय."

मी पदर तोंडात कोंबून हसले. इतकी वर्षं आपल्या तोंडावर कुणी काय मारलंय हे एकाही बाईला कळलं नाही. बागेतलं, परसातलं पाखरू बघायला डोळे लागतात, यांना फक्त फ्रेम दिसत होती. कोकिळा म्हटलं की कुहूकुहू, एवढीच यांची अक्कल. रुखवताच्या टेबलाभोवती घोळका करून 'अगंबाई, किती गोड' म्हणणाऱ्या बायका आठवल्या की मला आजही उमाळे येतात, हसण्याचे.

वन्सं गेल्यावर निर्मलाबाईंनी मंगल कार्यालयात श्रद्धांजलीची सभा ठेवली. माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या कलाकृतींचं प्रदर्शन लावू. म्हटलं, लावा. म्हणाल्या, फ्रेमा द्या. मी म्हटलं, आमच्याकडं एकही नाही, सगळ्या तुमच्याकडं आहेत, आणा भिंतीवरून काढून. निर्मलाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. कशी आणणार? कोपऱ्यात लेकीचं नाव, आणि बरोबर 'स्वहस्ते'. सभेच्या दिवशी कार्यालय भरलं, भिंती मोकळ्या. मधोमध आधार कार्डाचा तो फोटो, त्याला हार. मग एकेकीची भाषणं, कलेची उपासक, निष्काम, अबोल… अबोल! वन्सं आणि अबोल! मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनपेक्षा जास्त बोलले. पाखरं कुणी भरली ते सांगितलं, 'सो' कुणी नाकारला ते नाव घेऊन सांगितलं, आणि कोकिळा सगळ्यांना का मिळाली तेही सांगितलं. चहा न घेता मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक पुडकं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम, चिठ्ठी नाही, नाव नाही. म्हणजे नाव होतं, कोपऱ्यात, नवरीचं. मग दुसरी आली. मग तिसरी, एका रिक्षावाल्याच्या हाती. एकीनं तर 'घ्या तुमचं पाखरू' म्हणून दारातून आत सरकवली आणि तरातरा निघून गेली. बरी माणसं असती तर नाव उसवून वन्संचं घातलं असतं. या बायकांना लाज चोरीची वाटली नाही, कोकिळेची वाटली. पण मला काय, आयतं घरचं घरी येतंय. मागची खोली भरून गेली. जिथं वन्संनी स्वतःसाठी एक पाखरू ठेवलं नव्हतं तिथं आता चारी भिंतींवर ठिपक्यांच्या कोकिळा बसल्या आहेत, लाल डोळे वटारून. मी चष्मा लावून दुपारी बसते आणि कोपऱ्यातली नावं उसवून तिथं वन्संचं घालते. टाका मला येतो, पाखरू येत नाही. नावापुरता येतो तेवढा पुष्कळ आहे.

परवा दारात मनीषा उभी. थेट तेरखेड्याहून आलेली, काखेत फ्रेम. मी म्हटलं, "ये, ठेव तिकडं त्या ढिगात." ती जागची हलली नाही.

"काकू, मी परत द्यायला न्हाय आले. माझं नाव काढा, आत्याचं घाला. पुरं घाला, सोजर म्हणून, नुस्तं 'सो' न्हाय. आन् मला माघारी द्या. माझ्या दिवाणखान्यातच लागंल ती."

"अगं, तुला माहीत आहे ना ती कोकिळा का दिली ते? आईनं सांगितलं असेल."

"आई कुठली सांगती! बाकीच्यांनी सांगितलं." ती खाली बघत होती. "मी आईच्या मागं उभी होते काकू, त्या दिवशी. बोलता आलं असतं मला. न्हाय बोलले. …बराबरच दिली आत्यानं. ऱ्हाऊ द्या कोकिळाच."

इतके दिवस सगळ्या गावासाठी शिव्या तयार ठेवल्या होत्या, हिच्यासाठी एकही हाताशी येईना. तिच्या हातातून फ्रेम घेतली, खिळे काढले, कापड मोकळं केलं. मनीषाचं नाव तिनं स्वतःच उसवलं. मग आम्ही दोघी वन्संच्या दारात पाय पसरून बसलो आणि मी तपकिरी दोरा सुईत ओवला.