जुन्या कॉपीतला गोविंदा

मोताळ्यातल्या आमच्या बातम्यांच्या चॅनलवर बातम्या वाचायचं काम माझं आणि बाकी सगळी उस्तवार धम्मरत्नची. कॅमेरा, एडिटिंग, बिघडलेला प्रिंटर, मालक गुलाबरावांच्या मोबाइलचा रिचार्ज, सगळं. आयटीआय करून हा माणूस इथं चिकटला तो चिकटलाच. त्याच्या भलेपणाचा मला राग यायचा, कारण कुणालाही नाही म्हणायला त्याची जीभ वळत नसे.

आमचे व्हिडिओ क्लाउडवरच्या एका भाड्याच्या मशीनवर असत. त्या मशीनची रोज एक अख्खी कॉपी निघे. नवी आली की सगळ्यात जुनी आपोआप पुसली जाई. जागा पुरत नाही म्हणून गुलाबरावांनी जुन्या क्लिपा साफ करायला लावल्या होत्या. वर सक्त नियम केला होता, काम झालं की त्याच फाइलवर सेव्ह करायचं, दोन-दोन प्रती ठेवायच्या नाहीत.

एका दुपारी धामणगाव बढ्याहून आशाबाई आल्या. त्यांचा गोविंदा मोटरसायकलवरून पडून नुकताच गेला होता. त्याआधी कबड्डीचा सामना जिंकल्यावर तो आमच्या माइकवर मिनिटभर बोलला होता. ती क्लिप आम्ही दाखवलीही नव्हती. गुलाबरावांना तिच्यात बातमी दिसली नव्हती.

"फोटो हायेत माह्याजवळ," आशाबाई म्हणाल्या. "पण त्याचा आवाज कुठंच नाही. तेवढा द्या मले."

क्लिप साफसफाईत गेली होती. धम्मरत्ननं शोधलं, तर सगळ्यात जुन्या कॉपीत ती शिल्लक होती, आणि ती कॉपी दुसऱ्या दिवशी पुसली जाणार होती. अख्खं मशीन मागच्या तारखेला नेलं असतं तर मधल्या सगळ्या बातम्या बुडाल्या असत्या. त्यानं ती कॉपी पेन ड्राइव्हसारखी बाजूला जोडली, उघडली आणि तेवढी एकच फाइल काढून घेतली.

"सापडला, मावशी," तो म्हणाला. आशाबाई खुर्चीवरून उठल्याच.

तेवढ्यात गुलाबराव आत आले. "थांब बे, असा नको आयकवू. कॅमेरा लाव. मेलेल्या पोराचा आवाज माय पहिल्यांदा आयकते, आपल्या चॅनलवर. बाई, तुम्ही इथं बसा. रडू आलं तं आवरू नका."

"मंग आवाज देता नं?"

"हो हो, बातमी झाली की घेऊन जा."

दिवे लागले, क्लिप वाजली. आशाबाईंच्या डोळ्यांत पाणी काही येईना. गुलाबराव कॅमेऱ्यामागून हातवारे करायला लागले. क्लिप संपता संपता एकदाच्या त्या रडल्या आणि गुलाबरावांनी चहा मागवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मरणाची बातमी म्हटली की आमच्याकडं रडकी बासरी लावायचीच. धम्मरत्ननं ती आईच्या शूटिंगला लावली, गोविंदाच्या क्लिपला लावली आणि हाताच्या सवयीनं त्याच फाइलवर सेव्ह केलं. बातमी तुफान चालली.

दुसऱ्या दिवशी आशाबाईंच्या फोनमध्ये आवाज टाकताना त्याला बासरीच ऐकू आली, पोराचे शब्द तिच्यात बुडालेले, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. तो जुन्या कॉपीकडं धावला. ती पुसली गेली होती. कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच नव्या शूटिंगनं भरलं होतं. संगीत काढून टाकणारं सॉफ्टवेअर लावलं, तर पोराचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघाला.

"करून देतो, मावशी. पुढच्या बाजाराले या," तो म्हणाला.

मग त्या दर बाजाराला येऊ लागल्या. मांडीवर पिशवी घेऊन दाराशी बसत. धम्मरत्न त्यांना चहा पाठवी आणि स्वतः आतल्या खोलीत दडून राही. बाईला असं झुलवत ठेवणाऱ्या त्या भल्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटे मला. शेवटी एकदा मीच त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

"मावशी, साफ आवाज माह्याच हातानं गेला," तो खाली बघत म्हणाला. "आता नाही येत तो परत."

केबिनमधून गुलाबराव ओरडले, "त्या दिवशी आयकला नं, बाई? मंग झालं तं."

आशाबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. पिशवी उचलून त्या धम्मरत्नला म्हणाल्या, "त्या दिवशी माह्यं सारं ध्यान रडू येते का नाही याच्याकडंच होतं, बा. पोरगं काय बोललं, म्या आयकलंच नाही."