दीड इंची अँगल

ऑस्ट्रेलियाला निघालो तेव्हा अब्बा गाडीपाशी आलेच नाहीत. बारामतीत इंदापूर रस्त्यावर आमचं वर्कशॉप आहे. शटर अर्धं वर होतं आणि आत ते उसाच्या ट्रॉलीच्या चौकटीवर वेल्डिंग करत बसले होते. कारखाने सुरू व्हायच्या बेतात होते आणि शेळगावचं गिऱ्हाईक उरावर बसलं होतं, हे कारण सांगायला बरं पडलं. मी वाकून आत गेले, तर मान वर न करताच म्हणाले, "जा पोरी. पोचल्यावर फोन कर." रडण्याचं काम अम्मीनं एकटीनं केलं.

तुम्ही जे मागं राहिलात, त्यांना ऑस्ट्रेलिया म्हणजे निळा समुद्र दिसतो. तसे फोटो आम्हीच पाठवतो, मग दोष कुणाला द्यायचा? जे माझ्यासारखे निघाले, त्यांना वेगळं सांगायला नको. माझा नवरा सलीम ज्या हॉटेलात स्वयंपाक करायचा ते बंद पडलं. माझं क्लीनिंगचं काम निम्म्यावर आलं आणि घरमालकानं आमचं भाड्याचं घर विकायला काढलं. फळबागांत काम मिळतं, पण या हंगामात इथं संत्री, तर पुढच्या हंगामात कुठल्या कुठं द्राक्षं. राहायची सोय आपली आपण न्यायची. म्हणून आम्ही सामान वाहायचा एक जुना बंद ट्रेलर घेतला. त्याला खिडकीसुद्धा नव्हती. आत पलंग आणि ओटा बसवायचा, तो आपल्या छोट्या गाडीमागं जोडायचा आणि कामामागं हिंडायचं. इथले लोक हे हौसेनं करतात. आम्हीही सगळ्यांना हौसच सांगितली.

त्याच वर्षी अम्मी गेली. अब्बांना आम्ही काही महिने बोलावून घेतलं. ते दिवसभर खुर्चीत बसून कुंपणाकडं बघायचे. जेवायला हाक मारली की "भूक न्हाय." मग एके दिवशी ट्रेलर दारात आला. अब्बा उठले, त्याच्याभोवती फिरले, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्यो काय पत्रा हाय? यापरीस बिस्किटाचा डबा बरा." मी हसले. अम्मी गेल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं.

सलीमनं व्हिडिओ बघून हलकं प्लायवूड ठरवलं होतं. अब्बांनी दीड इंची लोखंडी अँगल आणायला लावला. पलंगाला अँगल, ओट्याला अँगल, पायाखाली जाड लोखंडी चेकर प्लेट. सलीम भीत भीत म्हणाला, "अब्बा, गाडी लहान आहे आपली."

"आमच्याकडं एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो, त्याबी दाबून भरलेल्या," अब्बा म्हणाले. मग आवाज उतरवून, "माझी पोरगी झोपणार हाय ह्यात."

सलीमनं पुढचा अँगल उचलून त्यांच्या हातात दिला. मीही त्यांना अडवलं नाही. ते काम करत होते, चपाती मागून घेत होते, मला तेवढंच दिसत होतं. परत जाताना विमानतळावर म्हणाले, "आता मला घोर न्हाय."

ते गेल्यावर सलीमच्या दोस्तानं आपल्या मोठ्या गाडीनं ट्रेलर वजनकाट्यावर नेला. आपल्याकडं काट्यावर उसाचं वजन जास्त भरलं की माणूस खुशीनं चहा पाजतो. इथं काट्यावरच्या बाईनं आमच्या गाडीचं नाव विचारलं, आकडा दाखवला आणि मान हलवली. एवढं ओझं आमच्या गाडीला ओढता येणार नव्हतं. उतारावर ब्रेक लागले नसते. मोठी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. द्राक्षांचं काम सोमवारी सुरू होणार होतं आणि त्याआधी घराची किल्ली परत द्यायची होती.

अब्बांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं. पण फोनवर त्यांनी विचारलं, "ट्रॉली कशी चालतीया?" आणि मी उलट विचारलं, तुम्ही जेवलात का. पलीकडचा वर्कशॉपातला खडखडाट थांबला.

"जड झाली व्हय?"

"हो, अब्बा."

"मग काप." ते म्हणाले, "आधी पलंगाचं काप. तितं लई लोखंड घातलंय म्या. आन् कापताना डोळ्यावर चष्मा लाव."

पलंग, ओटा, खालची प्लेट, सगळं कापलं. अब्बांचे वेल्डिंगचे टाके सुटता सुटत नव्हते, ग्राइंडरच्या चकत्या झिजून गेल्या. सलीम कापत होता आणि मी तुकडे बाहेर ओढत होते. इतकी रडले की शेवटी सलीमनं मशीन बंद केलं, पण थांबून चालणार नव्हतं. भंगारवाला सगळं घेऊन गेला.

आता पलंग पातळ प्लायचा आहे, कूस बदलली की करकरतो. द्राक्षं संपत आलीत. पुढं कुठं जायचं, ते अजून ठरलेलं नाही. अब्बा बारामतीत एकटे असतात. फोनवर ट्रेलरचं नाव काढत नाहीत, फक्त "जेवलीस का" विचारतात. तुम्ही विचारता, घराची आठवण येते का. माझं घर आता आमची गाडी ओढेल तेवढंच आहे. त्यात माझ्या बापाच्या हातचं काहीच मावलं नाही.