पहिले एक्केचाळीस बदल

"सर, पहिल्या एक्केचाळीस बदलांवर साइन-ऑफ नाही," शुभांगी फोनवर म्हणाली.

"ते माझेच आहेत."

"ते दिसतंय. पण 'मेंटेनर सोडून' असं तुमच्या नियमांत कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. नियम मीच लिहिले होते, त्यामुळे शोधून बघायचीही गरज नव्हती.

मी 'चाळणी' नावाचं एक सॉफ्टवेअर सांभाळतो. प्रोग्रामरने लिहिलेला कोड ते वाचतं आणि त्यातला कुठला भाग विनाकारण पडून आहे ते दाखवतं. मोफत आहे. कोणीही वापरावं, कोणीही सुधारावं. लोकांनी पाठवलेल्या सुधारणा तपासून आत घेणारा किंवा परत पाठवणारा माणूस म्हणजे मेंटेनर. तो मी. पगार नाही, पण परत पाठवण्याचा अधिकार पूर्ण आहे. माझी बायको अलका म्हणते की मी हे काम तेवढ्यासाठीच करतो.

साइन-ऑफ म्हणजे बदलाखाली लिहायची एक ओळ: हे मी लिहिलं आहे आणि ते देण्याचा हक्क मला आहे. ही ओळ नसेल तर माझी स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, तो बदल आपोआप परत करते. हा नियम केला तेव्हा एक्केचाळीस बदल होऊन गेले होते, सगळे माझे. म्हणून स्क्रिप्टला सांगून ठेवलं होतं, बेचाळीसपासून तपास.

शुभांगी नाशिकची. एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत काय घ्यायचं हे ठरवणाऱ्यांपैकी एक. ती सिस्टिम बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये चालते. चाळणी तिच्यात गेली तर मुलांना पहिल्या वर्षापासून हाताशी मिळणार होती. यादी शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होणार, पुढची दोन वर्षांनी. तो सोमवार होता, आणि माधवगंजातल्या आमच्या मराठी मंडळात मी सगळ्यांना आधीच सांगून बसलो होतो.

एक्केचाळीस ओळी लिहायला वेळ लागत नाही. पण ओळीत 'हक्क' असा शब्द आहे. प्रत्येक बदलावर तारीख आणि वेळ आपोआप पडते, म्हणून मी सगळ्या वेळा उतरवून काढल्या. चौतीस बदल घरी केलेले. उरलेले सात कामाच्या दिवशी, दहा ते सहाच्या दरम्यान. तेव्हा मी फूलबागेजवळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो, आणि ऑफिसच्या वेळेत केलेलं काम कंपनीचं, अशा कागदावर रुजू होताना सही केली होती.

"इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?" अलका म्हणाली.

"कोणी नाही."

"मग?"

"सातवर मला सही करता येत नाही."

ती गणिताची शिक्षिका आहे. तिने यादी हातात घेतली. "यातले दोन बदल दीड ते दोनच्या मधले आहेत. जेवणाच्या सुट्टीतले. ते वजा करा. पाच."

"कॉम्प्युटर ऑफिसचा होता. लाइट ऑफिसची होती."

"डबा माझा होता," ती म्हणाली आणि यादी परत दिली. "जा मोघे साहेबांकडे. दुसरा रस्ता नाही."

मोघे साहेब त्या कंपनीचे मालक. कंपनी अजून तेच चालवतात. त्यांनी लिहून दिलं की या सात बदलांवर कंपनीचा दावा नाही, तर प्रश्न मिटत होता. अडचण एवढीच, की नोकरीत असताना सगळ्यांचे रजेचे अर्ज माझ्याकडे यायचे, आणि मी त्यांचाच अर्ज परत पाठवला होता. कारणाचा रकाना कोरा होता.

बुधवारी संध्याकाळी हजिऱ्याला त्यांच्या घरी गेलो.

"आइये, नियमवाले," ते म्हणाले. "बैठो. गजक घे." त्यांनी तिळाच्या वड्यांची बशी पुढे सरकवली.

मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, चेहरा मात्र हळूहळू उजळत चालला होता.

"म्हणजे सात वेळा तू माझ्या ऑफिसात बसून आपलं काम केलंस. आणि मी दर साल तुझ्या फाइलवर 'सिन्सियर' लिहीत होतो."

"हो."

"टोटल किती वेळ?"

"चार तास दहा मिनिटं. अंदाजे."

"तू आणि अंदाजे? भरून काढलास?"

"संध्याकाळी जास्त थांबायचो. पण त्याची नोंद नाही."

"नोंद नाही, मतलब थांबला नाहीस. हे तूच मला शिकवलंस भाई."

मग त्यांनी टेबलावरचं लेटरहेड ओढलं आणि चार ओळी लिहून सही केली. इतक्या सहज होईल असं वाटलं नव्हतं. मी कागदासाठी हात पुढे केला, तर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"कागद तुझाच आहे, शर्त काही नाही. फक्त हे एकदा बघ."

स्क्रीनवर चाळणीला पाठवलेला एक बदल होता. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं 'हजीरावाला'. मला तो आठवला. दोन वर्षांपूर्वी चार वेळा आला होता आणि चारही वेळा मी तेच उत्तर दिलं होतं: कृपया नियम क्र. ४ वाचावा.

"हे तुम्ही होतात?"

"चार वेळा वाचला तुझा नियम. तीन पॅराग्राफ आहेत. आखिर पाहिजे काय ते एकातही नाही."

मी तिथेच नियम उघडून वाचला. मला समजला. पण मला तो आधीपासून माहीत होता. म्हणायचं एवढंच होतं की बदलाबरोबर एक टेस्ट जोडा, म्हणजे बदल बरोबर चालतो हे दाखवणारं छोटं उदाहरण. हे वाक्य मी तोंडी सांगितलं.

"बस? इतकंच?"

"इतकंच."

"तेवढंच लिहायचं ना मग."

वीस मिनिटांत आम्ही टेस्ट लिहिली. त्यांच्या बदलाशिवाय चालवून पाहिली तर चाळणीने वापरात असलेला भागही बेकार ठरवला. म्हणजे चूक माझ्या मूळ कोडमध्ये होती, आणि दोन वर्षं मी तिची दुरुस्ती परत पाठवत होतो. ती चूक कधीची ते पाहिलं. बदल क्रमांक एकोणीस. मंगळवार, दुपारी तीन.

"ऑफिस टाइम," मोघे साहेब म्हणाले. "कंपनीचाच माल निघाला. हा मी परत घेऊ का?"

गुरुवारी पत्र जोडून मी एक्केचाळीस साइन-ऑफ पूर्ण केले. मोघे साहेबांचा बदल आत घेतला. शुभांगीने शुक्रवारी दुपारी चाळणी यादीत टाकली, दोन तास शिल्लक असताना. स्क्रिप्ट आता बदल क्रमांक एकपासून तपासते. नियम चार एका ओळीचा झाला, तो मोघे साहेबांनी लिहिला. आणि माझे बदल मीच मंजूर करू नयेत, म्हणून मी त्यांना दुसरे मेंटेनर केलं.

यातून शिकलो ते एवढंच: नियमाची मोजणी स्वतःपासून सुरू करावी. नाहीतर उशिरा करावी लागते, आणि लेटरहेडवर.

गेल्या आठवड्यात मी एक छोटी सुधारणा पाठवली. इतकी छोटी, की टेस्टची गरज वाटली नाही. दहा मिनिटांत परत आली. खाली एकच ओळ होती: कृपया नियम क्र. ४ वाचावा.